अर्ध्या बादलीचे दिवस

आमच्या घराण्यानं सहकुटुंब असा एकच पिक्चर पाहिला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला न्हाणीघराची कडी लावायला आणि बादली काठोकाठ भरायला बंदी होती.

पिक्चर निवडला मल्लूकाकांनी. मल्लूकाका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडलांचे, धाकटे भाऊ. लग्न केलेलं नाही. (त्यामुळं पोरं कशी वाढवावीत, या विषयावर आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा!) दोघा भावांचं लक्ष्मीपुरीत पाईप, नळ, खिळे, कुलपं असं हार्डवेअरचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुकानासमोरच्या भिंतीवर त्या आठवड्यात एक पोस्टर लागलं होतं. शाळेच्या गणवेशातली तीन पोरं एकाच सायकलवर बसून खिदळतायत, त्यातल्या पोरीच्या रिबिनी वाऱ्यावर उडतायत, मागं डोंगर.

"दादा," काका जेवताना अप्पांना म्हणाले, "चांगला पिक्चर आलाय. मारामारी न्हाय, अंगविक्षेप न्हाईत, शाळकरी पोरांचा हाय. शैलाला दाखवूया की. पोरगी लई गप गप असती अलीकडं."

शैला म्हणजे मी. नुकतीच दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेली. गप गप होते हे खरं होतं. माझी एकुलती एक मैत्रीण मीनल. तिच्या वडलांची बँकेतली बदली झाली आणि ती मे महिन्यात नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "पोचले की लगेच फोन करते." आमच्या घरी फोन होता, पण तो जूनपासून फक्त पाईपांसाठी वाजत होता. राजारामपुरीतल्या क्लासात माझ्या बाकावर तीन मुली बसायच्या, त्या आधीपासूनच तीन होत्या. मी म्हणजे बाकाचं टोक. घरात पाच माणसं आणि अखंड बोलणं. पण ते सगळं अर्धा इंची, पाऊण इंची आणि कुणाचा नळ कुठं गळतोय याबद्दलचं. गळक्या नळाला आमच्या घरात जेवढं लक्ष मिळायचं, त्याच्या निम्मं मला मिळालं असतं तर मी हवेत तरंगले असते!

तर रविवारी आम्ही निघालो. अप्पा, अव्वा (म्हणजे आई, आम्ही मूळचे कानडी), मल्लूकाका, मी आणि माझा मोठा भाऊ बसूअण्णा. (बी.कॉम.चं दुसरं वर्ष, मिशीचं पहिलं.) अव्वानं धपाटे, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला.

"अगं, गावातल्या गावात चाललोय, डबा कशाला?" अण्णा म्हणाला.

"मजेचा पिक्चर हाय म्हणतात. हसून हसून भूक लागती," अव्वा म्हणाली.

पिक्चरचं नाव सांगत नाही. (काकांनी ते घरात उच्चारायला बंदी घातली होती, ती अजून उठलेली नाही.) पोस्टरवरची ती सायकल सुरुवातीलाच चोरीला गेली आणि त्यानंतर पडद्यावर कुणीही हसलं नाही. एक धुळीचं लहानसं गाव. तिथली तीन पोरं. एकाचा बाप दारू पिऊन मारतो, पोरीच्या नावानं कुणीतरी भिंतीवर घाण लिहून ठेवतं, आणि तिसरा पोरगा हळूहळू बोलायचाच बंद होतो. मास्तर खिडकीबाहेर बघतात. आया पाणी भरतात. गावाबाहेर दगडाची जुनी खाण, हिरव्या पाण्यानं भरलेली. ती खाण पहिल्यांदा दिसली तेव्हाच मला पुढचं दिसलं. काकांना नाही. काका आनंदानं म्हणाले, "आता पवायला जातील बघा. आता मजा हाय!"

पुढच्या रांगेत तालमीतली दांडगी पोरं बसली होती. त्यांतला एकजण दर थोड्या वेळानं विचारायचा, "गाणं कधी हाय रं?" मध्यंतरात तो उठून थेट मॅनेजरच्या खोलीकडं गेला. "ओ साहेब, ह्यातला हिरो कोन हाय तेवढं तरी सांगा, म्हंजे कुणाकडं बघायचं ते कळंल!" मॅनेजर म्हणाला, "मला बी अजून कळलं न्हाय पावणं, आज तिसरा दिवस हाय."

आमच्या रांगेतही पिक्चर जोरात चालला होता. अण्णाला काळजी सायकल कुणी चोरली असंल याची. अव्वाला काळजी पोरांच्या पोटाची. "सकाळपास्नं त्या लेकरानं काय खाल्लेलं न्हाय," असं म्हणत तिनं अंधारात धपाटा काढला आणि पडद्यावरच्या पोराला देता येईना म्हणून माझ्या हातात कोंबला. अप्पा मात्र एक शब्द बोलत नव्हते. फक्त एकदा म्हणाले, "त्या विहिरीवरचा पाईप दीड इंची हाय." मला वाटलं, ह्यांना पिक्चरमध्येही दुकानच दिसतंय.

आणि मग तो गच्चीचा सीन आला. काही विशेष नाही त्यात. ती रिबिनवाली पोरगी आणि तिची मैत्रीण वाळवण राखत बसलेल्या असतात. मैत्रीण उठते. पोरगी विचारते, "उद्या येशील न्हवं?" ती म्हणते, "येईन की." बस्स. पुढच्या सीनमध्ये गच्चीवर वाळवण आहे, पोरगी आहे, मैत्रीण नाही. पोरगी जिन्याकडं बघत एकटीच कावळे हाकलतेय.

मी रडायला लागले. धपाटा हातात, तोंड ओढणीत. तिथनं जी सुरू झाले ती थांबेनाच. पिक्चर आपला पुढं पुढं जात होता. शेवटी तो न बोलणारा पोरगा खाणीच्या पाण्यात उतरला तो वर आलाच नाही, त्याचा बाप काठावर येऊन उभा राहिला, आणि पडदा काळा झाला. संगीत नाही, काही नाही. भपकन दिवे लागले.

थेटरात कुणी उठेना. माणसं एकमेकांकडं न बघता पायताणं शोधत होती. "संपला, का रीळ तुटलं?" असं कुणीतरी हळूच विचारलं. तालमीतल्या पोरांमधला तो गाणंवाला रुमालात नाक शिंकरत होता. आणि त्या शांततेत एकच आवाज घुमत होता, तो म्हणजे माझे हुंदके! उचक्यांसकट!

अप्पा, अव्वा, काका, अण्णा. चारही चेहरे माझ्याकडं वळले. इतक्या जणांनी एकदम माझ्याकडं बघण्याची ही माझ्या बारशानंतरची पहिलीच वेळ असावी.

घरी आल्यावर मला आतल्या खोलीत पाठवलं आणि बाहेर बैठक बसली. दार लोटलेलं होतं, पण मल्लूकाकांची कुजबूज शाहू पुतळ्यापर्यंत ऐकू जाते.

"साधं रडणं नव्हतं ते! मी बघितलंय. त्या पोराकडं बघून रडत होती. तो न बोलणारा. आपली पण बोलत न्हाय!"

"आवं, असं अभद्र बोलू नगासा!" अव्वाचा आवाज.

"वैनी, पिक्चर कशासाठी काढत्यात? घरच्यांनी सावध व्हावं म्हणून. आता पाण्यापास्नं लांब ठेवायची पोरीला. कळलं न्हवं? पाणी!"

कोल्हापुरात माणसाला पाण्यापासून लांब ठेवायचं म्हणजे काय ते सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी रंकाळा बंद झाला. म्हणजे रंकाळा होता तिथंच होता, मला बंद झाला. पंचगंगेचं नाव काढायचं नाही. मग घरातली न्हाणी. कडी लावायची नाही, बाहेर अव्वा पाट टाकून बसणार, आणि बादली अर्धीच! अर्ध्या बादलीत कुणी काय करून घेणार, हे त्यांनाच ठाऊक. मी आत पाणी ओतत असले तर ठीक, जरा शांतता झाली की बाहेरून आवाज, "शैला? बोल की!"

"काय बोलू? साबण लावतीय!"

"मग तसं सांगत ऱ्हा!"

त्यामुळं मी आंघोळीचं धावतं वर्णन करायला शिकले. "आता पाय घासतीय अव्वा… आता डोक्यावर घेतलं… डोळ्यांत गेला!" "काय गेलं?" "साबण!" आणि अव्वा दार ढकलून आत!

गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि लोहाचं औषध दिलं. काकांनी मठातून विभूती आणली. बसूअण्णाला माझ्या पाठीमागं राहायचं काम लागलं. मी क्लासला निघाले की दहा पावलं मागं अण्णा. मी थांबले की तो कुठल्याही दुकानासमोर थांबून वस्तू बघायचा. एकदा तो बराच वेळ साड्यांच्या दुकानासमोर थांबला आणि आतल्या माणसानं त्याला ओढून नेऊन तीन इरकली दाखवल्या.

हे सगळं मी मजेत सांगतेय, पण एक गोष्ट तेव्हाही डोक्यात यायची. इतकी माणसं माझ्या मागं होती, आणि त्यांतल्या एकानंही विचारलं नाही की बाई, तू कुठल्या सीनला रडलीस?

मग काकांनी हवापालट काढला. "पोरीचं मन रमलं पाहिजे. गगनबावड्याला जाऊ." ऐन श्रावणात गगनबावड्याला! भाड्याची जीप केली. कळे गाव मागं पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पाणीच पाणी. शेतं तळ्यांसारखी, ओढे रस्त्यावर, आणि पुढं तर डोंगरावरून जागोजागी पांढरेशुभ्र धबधबे कोसळतायत! माझं मन खरंच रमायला लागलं होतं. तेवढ्यात अव्वानं माझे डोळे पदरानं झाकले.

"बघू नगंस तिकडं!"

"अव्वा, धबधबा हाय!"

"म्हणूनच म्हणतीय!"

"मल्ल्या," अप्पा म्हणाले, "पाण्यापास्नं लांब न्यायची म्हणालास, आणि हे कुठं आणलंस?"

"उन्हाळ्यात आलतो तवा इथं टिपूस नव्हता दादा!"

जीप वळवली. जाता-येता दोन्ही वेळा मी गगनबावड्याचा रस्ता पदराच्या विणीतून पाहिला. हिरवा होता.

त्या संध्याकाळी अप्पा माझ्या खोलीत आले. हातात भेळेचे दोन पुडे. अप्पा माझ्या खोलीत कधी येत नसत. एक पुडा माझ्यापुढं ठेवून ते खुर्चीच्या काठावर बसले. ही बहुधा काकांचीच आज्ञा होती: 'दादा, पोरीशी मित्रासारखं बोला.'

"शैला," अप्पांनी घसा खाकरला. "काय म्हणतंय… सायन्स?"

"बरं म्हणतंय."

"हां."

आम्ही भेळ खाल्ली. बराच वेळ नुसता कुरमुऱ्यांचा आवाज. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनाही वाटलं असावं, आता ही सांगेल. त्यांनी वर बघितलं.

"फॅन आवाज करतोय न्हवं?"

"व्हय अप्पा."

ते ताडकन उठले, बाहेरून पाना आणि तेलाची कुपी घेऊन आले, स्टुलावर चढले आणि तासभर फॅन खोलून बसले. मी स्टूल धरून उभी. जाताना म्हणाले, "आता करणार न्हाय आवाज." खरंच नाही केला. खोली इतकी शांत झाली की मला जुन्या आवाजाची आठवण यायला लागली.

पिक्चर थेटरात अजून होता. (गाणं नसताना! पण कोल्हापूरकर हट्टी. 'एवढं काय वाईट हाय बघूच' म्हणून जात होते.) मला तो गच्चीचा सीन पुन्हा बघायचा होता. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. एवढ्या गावात मला समजून घेणारी ती रिबिनवाली पोरगी एकटीच होती आणि ती दुपारच्या खेळाला भेटत होती, एवढंच. एका दुपारी क्लासच्या मागच्या दारानं बाहेर पडले. वाटलं, अण्णाला चुकवलं. तिकीट काढलं आणि अंधारात जाऊन बसले.

गर्दी नव्हती. चार-पाच डोकी विखुरलेली. पुढच्या रांगेत, जरा डावीकडं, एक माणूस एकटाच बसला होता. पडद्यावर उजेड आला तसं मला त्याचं डोकं दिसलं. मागच्या बाजूला चकाकणारं टक्कल, त्याच्या खाली विभूतीचा फिकट पट्टा लावलेली मान. ती मान मी ओळखत होते. तिच्यामागं स्कूटरवर बसून मी सात यत्ता शाळेला गेले होते.

अप्पा!

अप्पा दुपारी दुकानात असतात. अप्पांनी दुपारचं दुकान कधी सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, मला पकडायला आलेत. पण ते मागं बघतच नव्हते. पडद्यावर तो न बोलणारा पोरगा शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून एकटा डबा खात होता, आणि अप्पा चष्मा काढून डोळे पुसत होते.

पळून जावं की काय करावं कळेना. शेवटी उठले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी मान वळवली. आम्ही एकमेकांकडं असं बघितलं, जसं दोन चोर एकाच घरात भेटावेत.

"तू?"

"तुम्ही?"

"क्लास?"

"दुकान?"

ह्यापुढं कुणालाच कुणाला रागवता येईना. अप्पांनी पडद्याकडं तोंड केलं. जरा वेळानं, पडद्याकडंच बघत, ते बोलायला लागले.

"मला शाळेसाठी मामाकडं ठेवलेलं. हातकणंगल्याला. मी असाच डबा खायचो. स्टेशनावर. पोरं बोलायची न्हाईत. कानडी पोरगा म्हणून चिडवायची. मग गाड्या बघत बसायचो."

"कधीपर्यंत?"

"मॅट्रिकपतोर." मग म्हणाले, "तुझ्या अव्वाला पण ठाव न्हाय हे. सांगण्यासारखं काय हाय त्यात?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. घरातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. सगळ्यांना वाटायचं, ह्यांना पाईपांखेरीज काही सुचत नाही.

"तू कुठल्या शीनला रडलीस त्या दिवशी?" अप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. "अप्पा, ती गच्ची…"

आणि अप्पांची कॉलर कुणीतरी मागून धरली!

झालं होतं असं. मी अण्णाला चुकवलंच नव्हतं. मला थेटरात शिरताना त्यानं पाहिलं, दाराचा पडदा बाजूला करून आत डोकावला, आणि त्याला काय दिसलं? आपली बहीण स्वतःची जागा सोडून एका पुरुषाच्या शेजारी जाऊन बसतेय! तो धावत कोपऱ्यावरच्या फोनवर गेला. दुकानात कुणी उचलेना. मग घरी लावला, तर काका जेवायला आलेले. काका आणि अव्वा स्कूटरवरून आले. काकांच्या हातात छत्री. (पाऊस नव्हता.) दारावर डोअरकीपरनं अडवलं.

"तिकीट?"

"आमची पोरगी आत हाय!"

"मग तिचं तिकीट हाय की. तुमचं कुठं हाय?"

काकांनी ओरडत ओरडत तीन तिकिटं काढली. बाल्कनीची! कारण खालची देणारा चहाला गेला होता. मग बाल्कनीत जाऊन, तिथून वाकून आम्हाला शोधून, पुन्हा जिना उतरून, त्यांनी धाड घातली.

"कोण रं तू भाडखाऊ? आमच्या पोरीच्या शेजारी बसतोस? ऊठ! ऊठ म्हणतो न्हवं!"

"मल्ल्या," अप्पा शांतपणे म्हणाले, "कॉलर सोड. बटण तुटलं."

डोअरकीपरची बॅटरी त्याच क्षणी अप्पांच्या चेहऱ्यावर पडली. काकांची छत्री हवेतच राहिली.

"दादा? तुमी… तुमी सांगलीला पाईप बघायला गेलतासा न्हवं?"

"गेलतो."

"मग?"

"आलो."

"आवं, तुमी हितं काय करताय?" अव्वा पदर तोंडाला लावून म्हणाली. "आणि डोळं का लाल झाल्यात?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, घरचं भांडान घरी! खाली बसा की, डोकी आडवी येत्यात!"

बसलो. पाचही जण, एका ओळीत. कोण कुणाला काय विचारणार? समोर पिक्चर चालूच होता, ह्या गोंधळात गच्ची निघून गेली होती, आणि आता खाण आली होती. काका छत्री मांडीवर घेऊन बसले. तो पोरगा पाण्याकडं चालायला लागला. हिरवं पाणी. आणि अव्वा, जिला पुढं काय होणार ते नीट ठाऊक होतं, ती खुर्चीतून अर्धी उठली आणि मोठ्यानं म्हणाली,

"जाऊ नगंस रं लेकरा! खोल हाय ते! माघारी फिर!"

कुणी हसलं नाही. जणू ह्या वेळी तो ऐकेल, असं आम्हा सगळ्यांना क्षणभर वाटलं. तो ऐकला नाही. काका छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकून ढसाढसा रडले. अण्णानं मिशी पुसली. अप्पांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, माझ्या हाताच्या अगदी शेजारी. बस्स, शेजारीच.

दिवे लागले आणि सगळं संपलं. म्हणजे माझं आजारपण संपलं. घरी पोचेपर्यंत काकांचं निदान बदललं होतं. "वैनी, दुखणं पोरीला न्हाय, दादाला हाय! दुकान बंद करून एकटाच पिक्चर बघतोय म्हंजे काय? पोरगी बापावर गेलीया, एवढंच." पाहता पाहता सगळा पहारा अप्पांकडं वळला. लोहाचं औषध, विभूती, सगळं. अण्णा आता दुकानात बसायला लागला. सकाळी न्हाणीबाहेर अव्वाचा पाट आणि आतून अप्पांचा आवाज, "लावतोय, साबण लावतोय!" माझी बादली पूर्ण भरून मिळायला लागली. मी कडी लावली की कुणी हाक मारत नसे.

अप्पा आणि मी त्यानंतर त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. दोन-तीनदा ते माझ्या दारात येऊन उभे राहिले, छताकडं बघितलं. फॅन गप्प. मग गेले.

खरं तर 'कुठल्या सीनला रडलीस' ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. गच्ची, वाळवण, मीनल, बाकाचं टोक, न वाजणारा फोन. रोज मनात म्हणून म्हणून पाठ झालं होतं. कुणी विचारायचा अवकाश, धाडधाड सांगणार होते.

आणि एका संध्याकाळी अव्वानं विचारलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती भाकरी थापत होती, आमटी चुलीवर उकळत होती. अव्वा थापायची थांबली. माझ्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "शैला, खरं सांग गं. तुला नेमकं काय होतंय?"

घरात कुणी नव्हतं. भाकरी परातीत अर्धी थापलेली. तिचा चेहरा इतका घाबरलेला, इतका माझा! सगळं पाठ केलेलं ओठांपर्यंत आलं. मी मोठा श्वास घेतला, आणि म्हणाले,

"काय न्हाय गं अव्वा. आमटीत मीठ कमी हाय."

"एवढंच व्हय?" ती सुटल्यासारखी हसली आणि तिनं आनंदानं मूठभर मीठ टाकलं.

मीठ बरोबर होतं. मी आमटी चाखलीसुद्धा नव्हती. त्या रात्री सगळं घर तांब्यावर तांबे पाणी पीत होतं, आणि "पोरीनं सांगितलं म्हणून घातलं" असं अव्वा कौतुकानं सांगत होती. मी दोन वाट्या संपवल्या आणि तिसरीही मागून घेतली.